आफ्रिकनांनीच आफ्रिकन विकले, मग आज माफी कोणी मागायची?

बंदरकर

गुलामगिरीच्या भरपाईचा विषय पुन्हा तापलाय. २०२२ च्या डिसेंबरात डच पंतप्रधान मार्क रुटे यांनी माफी मागितली, पुढच्या जुलैत त्यांच्या राजानेही. नोव्हेंबर २०२३ मध्ये घानाची राजधानी अक्राला यावर परिषद भरली. आफ्रिकन युनियनने तर २०२५ हे अख्खं वर्ष भरपाईच्या मागणीला वाहिलं. हे वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहते, म्हणून हा धागा.

अटलांटिक पार नेलेल्या माणसांचा हिशेब जहाजांच्या नोंदींवरून बराच जुळवला गेलाय. १५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. पण त्यांना किनाऱ्यापर्यंत आणलं कोणी? गोरे व्यापारी जाळी टाकून जंगलात माणसं पकडताहेत, हे चित्र बहुतांशी सिनेमातलं. हिवताप आणि पीतज्वराने ते किनाऱ्यावरच पटापट मरत, आत कुठले जातात! पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एल्मिना, केप कोस्ट, उइदा अशा ठिकाणी ते ठाण मांडून बसत आणि माणसं तिथे आणून विकली जात. आणणारी राज्यं होती दाहोमे, ओयो, असांते, सगळी तिथलीच. दाहोमेच्या गेझो राजाने (१८१८ ते १८५८) हा धंदा थांबवायला शेवटपर्यंत खळखळ केली. ब्रिटिश आरमाराने १८५१ च्या अखेरीस किनारा अडवला तेव्हा कुठे त्याने करार केला, तोही फार दिवस पाळला नाही.

बेनिनचे, म्हणजे जुन्या दाहोमेच्या मुलखाचे, राष्ट्राध्यक्ष माथ्यू केरेकू १९९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन चर्चमध्ये गुडघे टेकून माफी मागून आले. मला तो माणूस प्रामाणिक वाटला.

आता सांगा, जबाबदारी वंशावर टाकायची तर वाटणी कशी करणार? पोलंडमधल्या एखाद्या भूदासाचा पणतू गोरा म्हणून देणेकरी आणि दाहोमेच्या सरदाराचा पणतू काळा म्हणून घेणेकरी? हे गणित मला तरी सुटत नाही.

चावट चहा

बसलो मांडी घालून. शेंगदाणे कोण आणतंय?

तांबडी माती

बंदरकर, तुमची माहिती बरोबर आहे. "आफ्रिकनांनीच आफ्रिकन" या वाक्याबद्दल मात्र तक्रार आहे. दाहोमेच्या सैनिकाच्या लेखी पकडलेला योरुबा माणूस कोणत्याच अर्थाने "आपला" नव्हता. तो शत्रूच्या गावचा होता, संपलं. आपल्याकडे मराठे आणि निजाम यांच्या लढाईला कोणी "आशियाईंनी आशियाई मारले" म्हणत नाही. मग तिथेच सगळ्या खंडाला एका घरात का कोंबायचं?

दुसरं, विकणाऱ्यांतही विरोध झाला होता. काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहून कळवलं, की तुमचे व्यापारी माझ्या रयतेला, अगदी खानदानी घरांतल्या मुलांनाही, पळवून नेताहेत आणि माझा मुलूख ओस पडतोय. गंमत (?) अशी की हा राजा स्वतः ख्रिस्ती झालेला, पोर्तुगीज शिकलेला, आणि युद्धकैदी विकायला त्याची हरकत नव्हती. पण दार एकदा उघडल्यावर कोणाला विकायचं आणि कोणाला नाही हे ठरवणं त्याच्या हातात राहिलं नाही.

कारण हा धंदा उधारीवर चाले. जहाजवाला कापड, बंदुका, दारू, कवड्या आगाऊ देऊन ठेवायचा, आणि दलालाला ठरल्या मुदतीत तेवढी माणसं आणून द्यावी लागायची. शेजारच्या राज्याने बंदुका घेतल्या की तुम्हालाही घ्याव्या लागतात. बंदुकांसाठी माणसं विकायची आणि माणसं पकडायला बंदुका घ्यायच्या! यात राजे निर्दोष ठरत नाहीत. पण मागणी कुठून येत होती आणि नफा कुठे जाऊन साठला, हे न विचारता नुसतं "विकलं कोणी" एवढंच विचारलं तर अर्धीच चौकशी होते.

आणि तिसरं. गुलाम आफ्रिकेत आधीपासून होते, मान्य. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पिढ्यांत त्यांची मुलं मालकाच्या कुळात मिसळून जात. तिकडे व्हर्जिनियात १६६२ मध्ये कायदाच झाला, की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर पोरही जन्मतः गुलाम. बाप मालक असला तरीही. माणसाच्या कातडीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं भवितव्य कायद्याने ठरवायचं, हा शोध तिकडचा. तुम्ही म्हणता वंशावर जबाबदारी नको. ठीक. पण वंशावर गुलामगिरी कोणी बसवली?

अश्वत्थ

तांबडी माती यांनी आफ्रिकेतील गुलामगिरी फारच घरगुती करून टाकली. एकोणिसाव्या शतकातील सोकोतो खिलाफतीत (आजचा उत्तर नायजेरिया) लाखो गुलाम शेतांवर राबत होते. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरील लवंगेच्या बागा गुलामांवरच उभ्या राहिल्या. इथिओपियात गुलामगिरी कायद्याने संपली ती १९४२ मध्ये. मॉरिटानियाने १९८१ मध्ये बंदी घातली आणि तो गुन्हा ठरवायला २००७ उजाडले.

सहारा ओलांडून आणि हिंदी महासागरातून चाललेला व्यापार अटलांटिक व्यापाराहून कित्येक शतके जुना आहे. त्याबद्दल मस्कत किंवा कैरो यांच्याकडे कोणी भरपाई मागताना दिसत नाही. सगळी बोटे लंडन-पॅरिसकडेच का? जिथे माफी मिळण्याची शक्यता आहे तिथेच ती मागितली जाते, असा माझा संशय आहे.

चावट चहा

जो ऐकतो त्यालाच लोक ऐकवतात. घरोघरी हाच नियम आहे, अश्वत्थराव.

गोदाकाठ

अश्वत्थ यांनी झांझिबार काढलंच आहे, तर तिथे आपली मंडळी काय करत होती तेही पाहू. झांझिबारच्या बंदराची जकात गोळा करायचा मक्ता कित्येक दशकं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या गुलामांवर माणशी जकात असे, आणि ती याच जकातघरात भरली जाई. आत खंडात हस्तिदंत आणि माणसं आणायला जाणाऱ्या तांड्यांना भांडवल लागे, ते मोठ्या प्रमाणावर हिंदी सावकारांचं. टिप्पू टिप या तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या तांडेवाल्याचा सावकार होता तारिया टोपण, कच्छचाच. याच टोपणशेटना पुढे गुलामांचा व्यापार मोडायला मदत केली म्हणून इंग्रजांनी १८९० मध्ये "सर" केलं!

झांझिबारमधल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरी आणि बागांत गुलाम होते. ते ब्रिटिश प्रजाजन आहेत या आधारावर १८६० च्या सुमारास तिथला ब्रिटिश वकील रिग्बी याने त्यांच्याकडचे हजारो गुलाम सोडवले. अटलांटिकच्या बाजूलाही आपलं कापड होतंच. गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात अग्रभागी होतं, आणि कवड्या मालदीवच्या, बंगालमार्गे गेलेल्या. विणकराला याची कल्पना असायचं कारण नाही. पेढीवाल्याला होती.

आता नाशिकची गोष्ट. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटका झालेली पोरं मुंबईत उतरवायचं. त्यातली बरीच मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला वसवली, तिथे आफ्रिकन आश्रमशाळा होती. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवत. याच शाळेतला जेकब वेनराइट आफ्रिकेचे शोधप्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. वेनराइट तो घेऊन लंडनपर्यंत गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता.

त्याच १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांझिबारच्या सुलतानाकडे गुलामबाजार बंद करा म्हणून गेले. सुलतान बर्गशने आधी नकार दिला, नाकेबंदीच्या धमकीनंतर जूनमध्ये सही केली. मोंबासाजवळ सुटका झालेल्यांची वस्ती उभी राहिली तिचं नाव फ्रिअर टाउन, आणि तिथे पुढारपण करायला गेले ते नाशिकला वाढलेले आफ्रिकन. (याच फ्रिअरसाहेबांनी पुढे १८७९ मध्ये झुलूंवर युद्ध लादलं, हेही लिहून ठेवतो. मुक्तिदात्यांची यादी फार निर्मळ नसते.)

उंबरठा

शरणपूर रोडवर माझं कॉलेजजीवन गेलं आणि हे कधी कोणी सांगितलं नाही. गोदाकाठ, यावर वेगळा धागा काढाच.

मांडवी

गोंय विसरलात की तुम्ही सगळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा. घोडे, गालिचे, मसाले, आणि त्यांच्यातच माणसं. मोझांबिकहून आणलेले काफिर (आफ्रिकनांना तेव्हा हेच म्हणत), आणि इथल्या आसपासच्या मुलखातलेही. फिदल्गोच्या, म्हणजे पोर्तुगीज सरदाराच्या, पालखीमागे छत्री धरायला, पंखा हलवायला गुलाम हवेतच. पोर्तुगालने गुलामांच्या निर्यातीवर १८३६ मध्ये बंदी घातली, गुलामगिरी कायद्याने मोडायला १८६९ उजाडलं.

जे पळाले ते घाट चढून रानात गेले. हल्याळ, यल्लापूर, अंकोला या भागातल्या सिद्दींच्या पूर्वजांत अशांचा मोठा वाटा आहे. त्यांची बोली आमच्या कोंकणीसारखीच. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५० हून अधिक वर्षांनी. गोव्यात ज्यांच्या घरी त्यांचे पूर्वज राबले, त्या घरांची जुनी लाकडी कपाटं आज पर्यटकांना कौतुकाने दाखवतात.

सरनौबत

विषय भरकटतोय. पोर्तुगीजांचं पाप पोर्तुगीजांना. आपल्याकडे दख्खनेत हबशी गुलामांचं काय झालं बघा. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, हातोहात विकला जात इथे आला, आणि निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांना त्याने २५ वर्षं पाणी पाजलं, १६१० मध्ये खडकी वसवली, जमीन महसुलाची घडी बसवली. जंजिऱ्याचे सिद्दी तर राजे झाले. असा गुलाम अमेरिकेत दाखवा! आपली गुलामगिरी आणि त्यांची गुलामगिरी यांची तुलनाच होत नाही.

मांडवी

सरनौबत, एक अंबर वर आला, तो इतिहासात आहे म्हणून तुम्हाला माहीत. बाकीचे कोठीत, तबेल्यात, जनानखान्यात मेले, त्यांचं नाव कोणी लिहिलं नाही. आणि पेशवाईतल्या कुणबिणींचं, म्हणजे गुलाम बायकांचं, काय करता? पेशवे दफ्तरात त्यांच्या खरेदीच्या, बक्षीस देण्याच्या नोंदी आहेत. त्या काही हबशी नव्हत्या, इथल्याच गोरगरीब बायका. किल्ल्यांवर, गोठ्यांत, वाड्यांत राबायच्या. कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली ती १८४३ च्या कायदा क्रमांक ५ ने. ब्रिटनच्या १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता.

"आमची सौम्य होती" हे वाक्य मालकाच्या नातवालाच सुचतं. असांते लोकही आपल्या गुलामगिरीबद्दल तेच सांगतात, आणि व्हर्जिनियाचे मळेवालेही तेच सांगत होते.

चावट चहा

+१. सरनौबत, घोडा जरा मागे घ्या.

यॉर्कशायरी पाटील

बंदरकर, तुमच्या वाटणीच्या गणिताला माझ्या पगाराच्या पावतीतून उत्तर देतो.

ब्रिटनने १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी मोडली आणि भरपाई दिली २ कोटी पौंड. कोणाला? मालकांना. त्या वर्षीच्या सरकारी खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के. दावे आले ४६ हजारांच्या आसपास, त्यांत मोठे लॉर्डही होते आणि दोन-चार गुलाम भाड्याने लावून पोट भरणाऱ्या विधवाही. गुलामांना दमडी नाही. उलट "उमेदवारी"च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे फुकट राबायला लावलं.

या भरपाईसाठी काढलेलं कर्ज सरकारी रोख्यांच्या पोटात फिरत फिरत फिटलं २०१५ मध्ये. मी इथे ब्रिटनला आलो २००७ ला. म्हणजे साताऱ्याकडचा हा पाटील, ज्याच्या खापरपणजोबाने समुद्र पाहिला नसेल, तो आठ वर्षं गुलामांच्या मालकांची देणी फेडत होता. माझ्याबरोबर जमैकाहून आलेल्या कुटुंबातला माझा सहकारीही फेडत होता! त्याने तर आपल्याच पूर्वजांची किंमत चुकवली.

तेव्हा रंगाचा विषय जरा बाजूला ठेवा. कर्ज राज्याचं होतं आणि राज्य मरत नाही, म्हणून ते माझ्यासारख्या उपऱ्याकडूनही वसूल झालं, आणि कोणाला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. मालकांचं देणं १८० वर्षांनी फेडता येतं, आणि गुलामांचं म्हटलं की लगेच "आता कोण जिवंत आहे?" हे कसं?

हैतीचं तर विचारूच नका. तिथल्या गुलामांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, गेलेल्या "मालमत्ते"बद्दल. पुढे ते ९ कोटींवर आणले, पण ते भागवायला काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. इथे वंशाचा काही प्रश्नच नाही. पावत्या आहेत, बँका आहेत, देणारा-घेणारा दोघांचीही नावं आहेत. इंग्लंडच्या चर्चनेही स्वतःच्या जुन्या वह्या तपासल्या, गुलामांच्या धंद्यातल्या साउथ सी कंपनीत आपले पैसे होते हे निघालं, आणि २०२३ मध्ये १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला.

बंदरकर

पाटीलबुवा, राज्य आणि संस्था यांच्यापुरतं तुमचं म्हणणं पटलं. मग तोच न्याय बेनिनला लावा की. बेनिनने २०२४ मध्ये कायदा करून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं, हे मला चेकबुकाच्या माफीपेक्षा सरस वाटतं. पण पैशाचं काय? लंडनहून कोट्यवधी पौंड आले तर ते कोणत्या सरकारच्या तिजोरीत जाणार आणि तिथून कोणाच्या स्विस खात्यात? कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये दहा कलमी मागणी केली, त्यात कर्जमाफी आहे, आरोग्य आहे, शिक्षण आहे. ती निदान वाचताना समजते. आफ्रिकेच्या मागणीत विकणाऱ्यांचे वंशज आणि विकल्या गेलेल्यांचे शेजारी एकाच रांगेत उभे आहेत. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

अश्वत्थ

आणि गुलामगिरी मोडतो असे म्हणत म्हणतच युरोपने आफ्रिका गिळली, हे पाटील विसरले. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने काँगोत गुलामांचे व्यापारी हटवले आणि रबरासाठी त्याच लोकांचे हात तोडले. मी युरोपचा वकील नाही, हे यासाठी सांगितले. माझा आक्षेप एकतर्फीपणाला आहे.

पोर्टलुईकर

बराच काळ नुसता वाचतो आहे, आज लिहितो. मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटात, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, आले. घरात मराठी आहे, पण लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

तुम्ही जे तत्त्वाने भांडता ते आमच्याकडे एका गल्लीत राहते. मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांची मुक्ती १८३५ मध्ये झाली. पाटील सांगतात त्या २ कोटींपैकी सुमारे २० लाख पौंड आमच्या बेटावरच्या फ्रेंच मळेवाल्यांना मिळाले. त्या पैशातला काही वाटा साखरेच्या कारखान्यांत गेला आणि काही नवे मजूर आणण्यात. नवे मजूर म्हणजे आम्ही. साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे या बेटावर उतरली. काही ठिकाणी तर गुलामांच्याच खोपट्यांत राहिली. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. आमच्या पणजोबांचे सुख होते असे कोणी समजू नये.

पण पुढे काय झाले? आमच्या लोकांनी साखरेचे भाव पडले तेव्हा मळ्यांचे तुकडे विकत घेतले, मुलांना शिकवले, स्वातंत्र्यानंतर सत्ता बहुतांशी हिंदी वंशाच्या हाती आली. क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज, मागे राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटले, तेव्हा ते सगळे वर आले. १ फेब्रुवारीला गुलाममुक्तीची सुट्टी, २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाची सुट्टी. गणेश चतुर्थीलाही सुट्टी आहे. पण सुट्ट्यांनी जमीन परत मिळत नाही.

२००९ मध्ये आमच्याकडे सत्य आणि न्याय आयोग बसला. गुलामी आणि गिरमिट, दोन्हींचा तपास, १६३८ पासून. अहवाल आला २०११ मध्ये. आयोगापुढे सगळ्यात जास्त गर्दी कशाला झाली माहीत आहे? माफीला नाही. जमिनीला. शेकडो कुटुंबे जुने कागद घेऊन आली, की मुक्तीनंतर आमच्या आजोबांनी घेतलेला तुकडा कोणी खोट्या दस्ताने, कोणी मोजणीत, कोणी नोटरीला हाताशी धरून गिळला. गिळणाऱ्यांत साखर कंपन्या होत्या. तक्रार करणाऱ्यांत क्रिओल होते तसे आमचेही होते.

म्हणून बंदरकर साहेब, आमच्या आयोगाने रंग विचारला नाही, सातबारा विचारला, असे तुमच्या भाषेत सांगतो. किती जणांना जमीन मिळाली विचाराल, तर फारच थोड्यांना. कोर्टात कागद पुरावा मागतात, आणि कागद ज्याने खाल्ला त्याच्याकडेच असतो.

सरनौबत

मग तुमच्या मते मॉरिशसच्या मराठी माणसाने क्रिओलांची माफी मागावी का? सरळ विचारतो.

पोर्टलुईकर

माझ्या पणजोबाने त्यांचे काही घेतले नाही, म्हणून माफी नाही. पण सरकारी नोकरीत भरती होते तेव्हा आमच्या आडनावांची रांग लांब आणि त्यांची छोटी का, याचे उत्तर मी द्यायला हवे. कारण आज तिथे मी आणि माझे भाऊबंद बसतो.

तांबडी माती

बंदरकर, तुमच्या रांगेच्या प्रश्नाकडे येते. असांत्यांमध्ये माणसाचं मूळ चारचौघांत काढू नये असा जुना दंडक आहे. गुलामांचे वंशज कुळात मिसळावेत म्हणून तो होता, आणि त्याच दंडकामुळे कोण कोणाचा वंशज हे आजही उघड बोललं जात नाही. वारसाहक्काचा किंवा गादीचा तंटा निघाला की मात्र बरोबर आठवतं. तेव्हा "विकणाऱ्यांचे वंशज" वेगळे काढून दाखवा म्हणणं सोपं आहे. एकाच घरात एक आजी सरदाराची लेक आणि दुसरी धरून आणलेली, असं सर्रास असतं.

बंदरकर

सगळ्यांच्या बाबतीत असं नाही. उइदात फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा हा ब्राझीलहून आलेला गुलामांचा व्यापारी गेझोचा उजवा हात होता. "चाचा" हा त्याचा किताब त्याच्या घराण्यात आजही चालतो आणि गावात घराण्याला मान आहे. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये कोलस्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा २०२० च्या जूनमध्ये लोकांनी ओढून बंदरात टाकला. उइदात १९९५ मध्ये समुद्रकाठी "परत न येण्याचं दार" हे स्मारक उभारलं, आणि गावात द सोझांचा वाडा तसाच आहे.

पाटलांचा न्याय मी घेतला: राज्य मरत नाही, पेढी मरत नाही, देणं राहतं. मग घराणंही धरा त्यात. मोंबासा, झांझिबार, मुंबईतल्या जुन्या पेढ्यांच्या चोपड्या कुठे असतील तर त्याही उघडा. गोदाकाठ, कच्छ-मांडवीच्या पेढ्यांच्या वह्या कोणी लावल्या आहेत का? असतील तर पुढचा धागा त्यांच्यावर काढा, मी वाचायला पहिला.

गोदाकाठ

काढतो. पण आधी शरणपूरचा. उंबरठा यांनी आधी नंबर लावलाय.